उतरायला पैसे पडत नाहीत

लामारा,
पत्ता बदलला.
एवढंच लिहून कागद तीन आठवडे टेबलावर पडून होता.
फोनवर सांगता आलं असतं,
पण फोनवर तू आधी बटाट्यांचा भाव विचारतेस, मग रडतेस,
आणि मागून ती तुझी म्हातारी सिन्योरा
हाका मारत राहते.

ग्लदानी. हो, हस.
जिथल्या नातेवाइकांना आपण वर्षातून एकदा,
तेही ईस्टरला, तेही नाइलाजाने भेटायचो, तेच.
नववा मजला. दोन खोल्या.
खिडकी उत्तरेला; उघडली की वारा
न विचारता स्वयंपाकघरात शिरतो
आणि सगळी झाकणं वाजवून बघतो.

आवार विकलं गेलं ते तुला कळलंच असेल.
लोक त्याला इटालियन आवार म्हणायचे, आठवतं?
चारी बाजूंनी सज्जे, मध्ये एकच नळ,
कुणाकडे काय करपलं ते आधी बाकीच्यांना कळायचं.
खऱ्या इटलीत तसं एक तरी दिसलं का तुला?
मागे म्हणाली होतीस, इथे लोक दार लावून जेवतात.
आता मीही.

खरं तर मला लिफ्टबद्दल सांगायचंय.
आत एक लोखंडी डबी आहे.
वीस तेत्रीचं नाणं टाकल्याशिवाय
लिफ्ट जागची हलत नाही.
आणि मी, जिने एकोणीस वर्षं ट्राममध्ये
लोकांकडून पैसे घेतले,
तळहातावर पडायच्या आधी खोटं नाणं ओळखलं,
ती त्या डबीपुढे पिशवी उपसत उभी असते,
एका हातात गरम पाव, चष्मा कपाळावर.
आडव्या ट्राम शहराने मोडीत काढल्या,
ही उभी तेवढी उरली.

गंमत म्हणजे उतरायला पैसे पडत नाहीत.
वर जायचं तर मोजायचे. खाली फुकट.
हे तुला मी वेगळं काय सांगणार.

सामान चढवलं त्या दिवशी अठरा नाणी गेली.
कपाट लिफ्टमध्ये मावेना,
शुशानिकच्या जावयाने ते जिन्याने नेलं.
सहाव्या मजल्यावर त्याचा एक पाय निखळला.
आता ते विटेच्या आधाराने उभं आहे.
मी त्याला नावं ठेवत नाही,
माझाही डावा गुडघा तसाच.

तुझं शिलाई मशीन आणलंय.
शुशानिक म्हणाली, विकून टाक, तिला कुठे कळणार आहे.
तुझ्या खोलीची किल्लीसुद्धा आहे.
दार गेलं, भिंत गेली,
किल्ली कुठे टाकतात ते मला माहीत नाही.

मंगळवारी सुटे नव्हते.
खाली बाकावर बसून राहिले, कुणी येईल म्हणून.
आला तो पाचव्या मजल्यावरचा वाखो, आठ-नऊ वर्षांचा,
दोन्ही खिशांत अक्रोड.
म्हणाला, मावशी, नाणं कशाला?
डबीच्या डाव्या कोपऱ्याला गुडघा मारा.
मी म्हटलं, लाज वाटते का रे?
तो म्हणाला, नाही.
मग त्याने मारला, आणि लिफ्ट निघाली.

पाचव्यावर तो उतरला.
पुढचे चार मजले मी एकटीच हसत होते, लामारा.
बिनतिकिटाच्या माणसाला भर थंडीत खाली उतरवणारी मी.
एकोणीस वर्षांत
एकालाही फुकट नेलं नाही.

तुला सोडून.
तू शेवटच्या बाकावर, मांडीवर कापडाचा गठ्ठा,
खिडकीबाहेर बघायचीस,
जशी काही माझी ओळखच नाही.

तर पत्ता पाकिटामागे लिहिलाय.
घंटी बंद आहे, दार वाजव.
सुटे नसले तरी चालेल.
डावा कोपरा, लक्षात ठेव. पण हळू मार,
आवाज झाला की तिसऱ्या मजल्यावरची बाई
बाहेर येऊन बघते.

तुझी
इझोल्दा