करपलेला पाव

तिबिलिसीतल्या उतारावर,
तळघरातल्या भट्टीच्या खिडकीशी
लमारा नुसतं बोट दाखवायची.
शब्द दातांशी अडायचा, म्हणून.

मग ठरवलं: रोज एकच शब्द, पण मोठ्यानं.
"एक."
हिवाळाभर "एक."
कधी ए-ए-एक. मागची रांग खोकायची.
झुराब पिठाचे हात झटकत थांबायचा,
भट्टीला कसली आलीय घाई.

मार्चात, "एक, गरम."
जर्दाळू फुलले तेव्हा "दोन",
घरी खाणारी एकटीच असून.

आज तिनं तो होडीसारखा पाव उलटा केला,
पाहिला,
परत खिडकीवर ठेवला.
"हा क-क-करपलाय. दुसरा द्या."

अडखळली तशीच.
पण दुसरा हातात येईपर्यंत
जागची हलली नाही.
रांग खोकली.
खोकेना का.