ओठांवरून

रोलिंग मिलमध्ये एकतीस वर्षं काढली
की कान घरी न्यायला उरत नाहीत.
माझा डावा एका हिवाळ्यात गेला,
उजवा हप्त्याहप्त्यानं.
आम्ही तिथं सगळेच ओठ वाचायचो:
क्रेन सोड. चहा झाला का. मागं फोरमन आहे.
म्हणून बायकोची गाणी मला तोंडपाठ आहेत,
त्यातली बरीचशी न ऐकताच.

डिलिस. शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे उकडणारी,
रविवारी चॅपलमध्ये दाराजवळच्या बाकावर बसणारी,
आणि सोळाव्या वर्षापासून
'पेपर फाउंड्री' नावाच्या चार केसाळ पोरांची
भक्त म्हणवत नाही,
त्या शब्दाला चॅपलमधल्या ओल्या कोटांचा वास येतो,
पण दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही.

हनिमूनला आम्ही स्टोकला गेलो.
कोण जातं हनिमूनला स्टोकला?
तिथं ते गुरुवारी वाजवणार होते.
मुलगी झाली, नर्सनं नाव विचारलं,
हिनं ड्रमवाल्याच्या आईचं नाव सांगितलं.
मी गप्प बसलो. दोन आज्यांमधलं भांडण तरी मिटलं.

त्यांचं एक गाणं आहे, दुसऱ्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूचं,
मीठ वाहणाऱ्या बायकांचं, सात मिनिटांचं.
स्टेजवर त्यांनी ते कधी म्हटलंच नाही.
ही दर जानेवारीत पत्र टाकायची: एकदाच म्हणा.
त्रेचाळीस पत्रं.
उत्तर एकदा आलं. सही केलेला फोटो,
खाली लिहिलेलं, 'डोरिसला, सप्रेम'.
हिनं तो फ्रेम करून जिन्यात लावला.
धूळ मी पुसतो.

मग गिटारवाला गेला, यकृतानं.
ड्रमवाला पोर्तुगालात द्राक्षं लावतो म्हणे.
कीबोर्डवाल्यानं उरलेल्यांवर खटला भरला.
शेवटी एकटा गायक राहिला, क्लेम हॅथरशॉ,
पंचाहत्तरीचा, गुडघ्याला पट्टा,
मागं नातवंडांच्या वयाची भाड्याची पोरं.
पोर्टकॉलच्या थिएटरात निम्म्या खुर्च्या रिकाम्या.
पहिल्या रांगेत डिलिस, जुन्या जॅकेटात,
चेन आता लागत नाही त्या.
शेजारी मी, बूट काढून:
जमिनीतून मला बास कळतो.

आणि त्यानं तेच गाणं धरलं.
मला कळलं ते हिच्या हातावरून.
हिनं माझं मनगट असं आवळलं
की घड्याळाचा वळ दोन दिवस होता.

दुसऱ्या कडव्यात त्याचं तोंड थांबलं.
तळव्यांखाली बास चालूच होता, फिरून फिरून तिथंच,
दार शोधणाऱ्या माणसासारखा.
त्यानं छताकडं पाहिलं, पायाशी चिकटवलेल्या कागदाकडं पाहिलं,
मग खाली पाहिलं.

ही ओरडली नाही.
ही बोलत होती, जशी माझ्याशी बोलते तशी,
ओठ मोठे, सावकाश,
एकेक शब्द ताटात वाढल्यासारखा.
तो पट्ट्याचा गुडघा टेकून खाली बसला
आणि वाचू लागला.
ही पुढं, तो एक पाऊल मागं,
मिठाच्या गोण्या, भरती, अनवाणी बायका,
सगळं शेवटापर्यंत.

खरं सांगतो, मला वाईट वाटलं.
इतकी वर्षं ते ओठ
मी एकटाच वाचतो असं मी धरून चाललो होतो.

पार्किंगमध्ये गाडीतला दिवा लावला,
त्याशिवाय रात्री आमचं बोलणं होत नाही.
विचारलं, शेवटी वाकून काय म्हणाला?
म्हणाली, त्यालाही ऐकू येत नाही, एम्रिस.
एवढ्या वर्षांचे स्पीकर. तुझ्यासारखंच.
नाव विचारलं त्यानं. मी सांगितलं.
दोनदा सांगितलं.
मग हात हातात घेऊन म्हणाला,
थँक्यू, डोरिस.

पुढं ती आणखी काही सांगत होती,
पण इतकी हसत होती
की मला एक शब्द वाचता आला नाही.