सात खटके

लसूडियात, मुर्तझाच्या गॅरेजमध्ये
फळीवर सस्पेन्शनचे तीन संच मांडलेले:
लाल, सोनेरी, आणि एक करडा
ज्याच्याकडे कुणी पाहत नाही.
"भिया लोक रंग बघून नेतात," तो म्हणाला,
मग माझ्याकडे बघून, "ताईलोकसुद्धा."

गाडी माझी नऊ वर्षांची.
बँक, पलासिया, भाजी, आप्पांची फिजिओथेरपी.
आणि वर्षातून तीन रविवार पिथमपूरची वाट,
हेल्मेट मागच्या सीटवर चादरीखाली,
सत्तेचाळीस वर्षांची मी
एका वळणावर दोन मीटर उशिरा ब्रेक लावायला जाते.
घरी सांगते, बँकेचं ट्रेनिंग आहे.

लाल संचाला बत्तीस खटके.
दाब वेगळा लावा, उसळ वेगळी,
उंची हवी तेवढी.
मी घुंडी फिरवत राहिले, टक टक टक,
पोरीनं बांगड्यांच्या दुकानात हात घालावा तशी.
मुर्तझानं कोपऱ्यातून एक जुना दांडा ओढून काढला,
कुणाच्या तरी गाडीतून उतरवलेला.
घुंडी अकराव्यावर गंजून बसलेली.
"चार वर्षं. एकदाही फिरवली नाही त्यानं.
पैसे बत्तीसचे दिले, चालवली अकरावर."

मग म्हणाला, स्प्रिंग आधी ठरवा.
कडक स्प्रिंग कुठल्याच घुंडीनं मऊ होत नाही,
घुंडी फक्त सांगते
परत येताना घाई करू नकोस.

आप्पा तोवर काठी टेकत उतरलेले.
एकतीस वर्षं मिलमध्ये माग सांभाळले त्यांनी,
मिल गेली, मणक्यात दोन स्क्रू राहिले.
त्यांनी बॉनेटच्या कडेवर तळवा ठेवला,
सगळं वजन टाकलं, सोडलं,
आणि गाडीकडे पाहत राहिले
ती वर, खाली, परत वर, परत जराशी खाली.
"ढिली झालीय," म्हणाले.
"आम्ही ताण्याला वजन लावायचो.
जाड सुताला निराळं, बारीकला निराळं.
पण मास्तर आधी विचारायचा,
महिन्यात जास्त दिवस काय विणायचंय?"

मी करडा घेतला. पंधरा खटके, एकच घुंडी.
उंची अर्धं बोट उतरवली, जास्त नाही;
आमच्या कॉलनीतले गतिरोधक
कुणीतरी रागाच्या भरात बांधलेत.

त्या रात्री सराफ्यातून शिकंजी घेतली,
बिनझाकणाची बरणी आप्पांच्या मांडीवर.
नऊवर राजवाड्याशीच पायजमा भिजला.
पाचवर गाडी वळणात होडीसारखी कलली,
आप्पांनी डोळे मिटून घेतले.
सातवर सांडली नाही असं नाही,
थोडी सांडली.
"एवढी चालते," म्हणाले, आणि बोट चाटलं.

पिथमपूरला तेरा.
त्या वळणात गाडी दातओठ खाऊन उभी राहिली,
मी दोन मीटर कमावले,
पुढच्या फेरीत तीन घालवले.
घामानं भिजलेली, राऊपर्यंत एकटीच हसत आले.

सोमवारी आप्पांना घेऊन निघाले.
पहिला गतिरोधक, दुसरा, खजराण्याच्या अलीकडचा खड्डा.
ते काही बोलले नाहीत.
दवाखान्याच्या दारात, काठी शोधताना, सहज,
"काल तेरावर होतीस वाटतं."

मी काय बोलणार.
बॉनेट उघडलं, मग डिकी,
ऑफिसच्या साडीचा पदर खोचला,
चार चाकं, सहा-सहा खटके परत.
रिक्षावाला थांबून बघून गेला.
हात झटकत मी डिकी लावायला गेले तर
आतून आवाज आला, "तेवीस."

एक राहिला होता.