धुरातली साखर

शाळेच्या गच्चीवर माझा पंप चोवीस तास श्वास घेतो.
गावाला वाटलं, पाण्याचा आहे;
पहिल्या आठवड्यात दोघीजणी गुंड घेऊन आल्या होत्या.

रोज सकाळी सातला शिडी चढते,
कालचा कागद काढते, आजचा लावते.
काढलेला फॉइलमध्ये गुंडाळून
बिसन सोनुलेच्या फ्रीजरमध्ये, कुल्फीच्या शेजारी.
"म्याडम, चुकून कोनं चाटला त?"
त्याला अख्ख्या गावाची चव कळेल, बिसनभाऊ.

चैत्र लागला. मोह गळू लागला.
झाडाखालचा पाला पेटवतात लोक,
काळ्या भुईवर पिवळी फुलं चटकन दिसावीत म्हणून.
त्या दिवसांत माझ्या पांढऱ्या कागदाचा
चहा होतो, चहाचा काढा.

ग्रामपंचायतीत मी आलेख दाखवला होता.
उभा अक्ष, आडवा अक्ष, लाल रेघ.
माणसं पंख्याकडे बघत बसली.
खोलीवर येऊन मी तो फाडला नाही,
भिंतीकडे तोंड करून ठेवला.

मग एका दुपारी व्हरांड्यात
मोजून उरलेले सव्वीस तुकडे मांडले,
पापड वाळत घालावेत तसे,
आणि काहीच बोलले नाही.
सायत्राबाई मडावी उकिडवी बसली.
एकेकावरून बोट फिरवलं, न टेकवता.
"हा होळीचा. या दिशी पानी आलतं.
आन् हा... हा आमचा. मोवाचा."
प्रयोगशाळेला तीन आठवडे लागले होते
एवढंच सांगायला.

मी म्हटलं, पाल्याच्या अंगात साखरेची लांब साखळी असते.
जळताना तुटते, धुरात उतरते.
तिच्यावरूनच ओळखते मी
धूर पाल्याचा, की कोळशाच्या चिमणीचा.
"साखर? मंग धूर गोड काऊन नाई लागत?"

पीएचडीच्या तोंडी परीक्षेत हा प्रश्न नव्हता.
म्हटलं, माहीत नाही.
पोरं हसली.

ती हसली नाही.
"जाते कुठवर आमचा धूर?"
मी खडूनं फरशीवर वारा काढला:
वैनगंगा, मग गोदावरीचा काठ,
मग समुद्र. दोन-तीन दिवसांत.
ती रेघेशेजारून चालत गेली,
व्हरांडा संपला तिथे थांबली.
"मी त नागभीडच्या पल्याड नाई गेली कधी,"
म्हणाली, आणि पदरानं नाक पुसून
बराच वेळ खडूच्या समुद्राकडे बघत राहिली.