आखात की उपसागर

मे महिना. महालातल्या छापखान्याची माडी,
कूलरच्या वाळ्याला वास आहे, पाणी संपत आलंय,
आणि माझ्यापुढे शाळेच्या नकाशासंग्रहाचं पान एकोणचाळीस :
उत्तर ध्रुवाचा भोवताल.
त्यात एक वाकडा निळा खळगा, मसुरीच्या डाळीएवढा.
त्याचं नाव मराठीत लिहायचंय.

धाबर्डे सर म्हणाले, आखात लिही.
आखात खूप आत शिरतं, सर. हे नुसतं जरासं वाकलंय.
मग खाडी?
खाडीला चिखल लागतो. इथे दहा महिने पाणीच दिसत नाही.
"तू समुद्र पाह्यला काय वं, उरकुडे?"
नाही पाहिला.
त्यांनी पाहिलाय, लग्नानंतर एकदा. चप्पल वाहून गेली.

टिपणात लिहिलं होतं :
एक कप्तान वादळात भरकटून आत आला.
चार दिवस धुकं. पाचव्या दिवशी
दोर सोडून खोली मोजली
आणि ज्या सावकाराने बिस्किटांचे पैसे भरले होते
त्याच्या जावयाचं नाव ठेवून निघून गेला.
जावई उभ्या जन्मात बंदराच्या पलीकडे गेला नाही.

त्याआधी सील मारणाऱ्यांकडे एक शब्द होता.
टिपणात त्याचा अर्थ तेवढा उरलाय :
जिथला बर्फ उशिरा ऐकतो.

आपल्याकडे जुम्मा तलावाचा शुक्रवारी झाला,
शुक्रवारीचा गांधीसागर;
एवढ्याशा तळ्याला सागर म्हणताना
कुणाची जीभ अडखळली नाही.
अजून ऑटोवाल्याला सागर म्हणा, तो मान वळवतो :
"कोन्ता? शुक्रवारी काय?"
आणि लेंडी तलावात तर घरं उभी राहिली,
पाणी बुजलं, नाव बुजेना.

मी उपसागर लिहिलं.
उप म्हणजे धाकटा, जवळ बसणारा,
शाळेतल्या उपमुख्याध्यापकासारखा.
पण जावयाचं नाव जोडाक्षरांनी इतकं जड
की खळग्यात मावेना.
शिरोरेषा किनाऱ्यावर चढली,
एक वेलांटी थेट हिमनदीत.
खोडलं. अक्षर बारीक केलं. पुन्हा खोडलं.
बाहेर सत्तेचाळीस अंश,
कागदावर घामाचा थेंब पडला आणि
अख्खं बेट फुगलं.

शेवटी नाव उचलून उघड्या समुद्रात ठेवलं
आणि आत, डाळीएवढ्या निळ्यात,
काहीच लिहिलं नाही.

सरांनी चष्मा कपाळावर नेला.
"हे रिकामं काऊन ठेवलं?"
कूलरमध्ये पाणी ओतून येते, म्हटलं, सर,
मग सांगते.