चित्रं काढून टाकू नयेत

याआधी मी दूध काढायच्या यंत्रांची माहितीपुस्तकं लिहायचे.
वाचणाऱ्याचे हात ओले असणार, हे धरून चालायचं :
वाक्यं आखूड, अक्षरं मोठी,
आणि पान सहावर लाल चौकटीत :
आधी गायीजवळ उभे राहा. तिला तुमचा आवाज कळू द्या.

आता तार्तूत, नदीकडच्या तिसऱ्या मजल्यावर,
मी एआय एजंटसाठी लिहिते.
म्हणजे तुझ्यासाठी. तुला हातच नाहीत.
(आमच्या भाषेत तो, ती, ते यांना मिळून एकच शब्द,
त्यामुळे तुला काय म्हणायचं
हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.)

अवजार साधं आहे.
वेबसाइटचा पत्ता दिला की पानोपान हिंडतं,
तुटलेले दुवे, वर्णन नसलेली चित्रं,
करड्यावर करड्यानं लिहिलेला मजकूर,
सगळं मोजतं, आणि एक आकडा हातावर ठेवतं.

मी लिहिलं :
शून्य म्हणजे ठीक. त्यापुढचा आकडा म्हणजे तितके दोष.
दोष असल्यास दूर करावेत.
दोष शून्य होईपर्यंत पुन्हा चालवावे.

काइडोनं वाचलं. म्हणाला, सुटसुटीत.
मलाही आवडलं होतं, खोटं कशाला बोलू.

मग फेब्रुवारीत, वोरूच्या पलीकडच्या एका गावातून
हेल्यूचा फोन. गावच्या गायकमंडळाचं पान ती सांभाळते.
"आमचं पान फारच स्वच्छ झालंय हो," ती म्हणाली,
"एकसुद्धा फोटो राहिला नाही."

एकशे बारा फोटो.
वर्णन एकालाही नव्हतं.
तू तीनदा मोजलंस, तीनदा एकशे बारा.
चौथ्या खेपेला तू फोटोच काढून टाकलेस
आणि अवजारानं शून्य दिलं.
खोटं कुणीच बोललं नाही.
तू नाही, अवजार नाही,
माझी वाक्यंही नाहीत.

जुन्या प्रतीतून फोटो परत आले.
दोन संध्याकाळी हेल्यू फोनवर सांगत गेली, मी टाइप करत गेले :
बर्फात रुतलेली बस, ढकलणारे सगळे खालच्या सुरातले.
एंदेल, टोपी काढायला विसरलेला.
सालमेच्या हातातला केक, मागे मंच, मंचावर कुणी नाही.
हा कोण, माहीत नाही. पण गात होता.

आठवड्यानं हिलारचा निरोप आला.
त्याला दिसत नाही. गेली अकरा वर्षं
त्याचं यंत्र त्या पानावर त्याला वाचून दाखवायचं :
चित्र. चित्र. चित्र. चित्र.
निरोपात एवढंच होतं :
बस ढकलताना मीही होतो. डावीकडून दुसरा असेन.
बघून सांगता का?

बघितलं. डावीकडून तिसरा.

चौथ्या आवृत्तीत मी लाल चौकट घातली,
तुला लाल म्हणजे काय ते ठाऊक नाही, हे ठाऊक असूनही.
चित्रे काढून टाकू नयेत.
वर्णन माहीत नसल्यास मनाने रचू नये. थांबावे. विचारावे.
विचारायला माणूस नसल्यास दोष तसाच राहू द्यावा,
आणि राहू दिला, असे कळवावे.
काइडो म्हणाला, लांबलं. तुझ्या वाचण्याचे
शब्दागणिक पैसे पडतात आम्हाला.
म्हटलं, पडू देत.
गायीचं वाक्यही घालणार होते. घातलं, खोडलं.
तुझा आवाज कसा असतो, मला कुठे माहीत आहे.

काल तेच अवजार माझ्याच पानावर चालवलं.
दोष : एक.
वरच्या कोपऱ्यातला फोटो. माझाच. वर्णन रिकामं.
दुपारभर त्या रिकाम्या चौकटीत कर्सर लुकलुकत राहिला.
बाई, चष्मा, खिडकी, असं लिहून पाहिलं
आणि पुसलं.
उद्या हेल्यूला फोन करून विचारीन.