आठ फूट समुद्र

लोक म्हणतात, तो सिनेमा फसलेला होता.
पहिली चाळीस मिनिटं नुसतं धुकं, दोर, ओले बूट
आणि एक कप्तान, जो मरायच्या आधी फार बोलतो.
मान्य. कप्तान फार बोलतो.
पण तुम्ही तो पाहिलात कुठे?

मी पाहिला सदरच्या टॉकीजमध्ये, मे महिन्यात.
बाहेर सेहेचाळीस.
आत चार कूलर, त्यांचं पाणी असं आदळायचं
की जहाज वाळ्याचा वास घेऊन डुलायचं.
समुद्राला वेगळाच वास असतो
हे मला लग्नानंतर रत्नागिरीला कळलं,
आणि थोडा रागच आला.

बाबा वर, केबिनमध्ये.
कोष्टी माणूस, माग विकून मशीन शिकलेला.
फिल्मची कोणती बाजू खरी
हे जिभेला लावून ठरवायचा.
त्याचं मत: आचाऱ्याकडे बघा.
जो सुरीकडे न पाहता बटाटा सोलतो
तो खून करताना चुकणार नाही,
आणि या खुनात तर चुकाच चुका आहेत.

गेटवरचे हेडाऊ काका म्हणायचे,
"आचारीच बे! मले पयल्याच सीनमध्ये समजलं."
बुकिंगच्या खिडकीतल्या विमलताई खापेकर
बाईच्या त्या फोटोवर अडून बसल्या,
जो दुसऱ्या रिळात उजव्या भिंतीवर असतो
आणि चौथ्यात डाव्या.
मेकोसाबागचे सॅम्युएल मास्तर शांतपणे म्हणायचे,
"शाई बघा. शेवटचं पान त्यानं स्वतःच लिहिलंय."
तर्रीवर लाल साय धरेपर्यंत
पोह्यांची प्लेट तशीच हातात.

सिनेमा आठ दिवसांत उतरला.
भांडण तीस वर्षं चाललं.

कारण आमच्याकडे शेवटच्या रिळात
दार उघडतं, कंदील हलतो, एक हात आत येतो
आणि एकदम सकाळ.
पांढरे पक्षी. समाप्त.
एका पेपरवाल्यानं लिहिलं, हे धाडस आहे.
बाबा ते कात्रण खिशात घेऊन फिरायचा.
कुणाला दाखवायचा मात्र नाही.

गेल्या वर्षी मुलानं पूर्ण प्रत शोधून दिली,
धुतलेली, पुसलेली, एक ओरखडा नाही.
दार उघडलं. कंदील. हात.
आणि मग चेहरा.
साडेपाच सेकंद चेहरा,
मागे व्हायोलिन, बोट दाखवल्यासारखं.
मी बंद केलं. रडले वगैरे नाही.
चहा ठेवला, तो उतू गेला.

नंतर माळ्यावरचा संत्रा बर्फीचा डबा काढला.
त्यात बाबाचं लायसन्स, कार्बनच्या दोन कांड्या,
मागाची जुनी कात्री
आणि एक गुंडाळी, शिरक्याच्या वासाची.
हातानं मोजली: आठ फूट.
खिडकीशी धरली तर नखाएवढा तोच चेहरा,
पुन्हा, पुन्हा, शंभरावर वेळा.

तुटलेली फिल्म वेडीवाकडी तुटते.
ही दोन्ही टोकांना सरळ होती,
पदर कापावा तशी.

पहिल्या शोच्या आधी की नंतर?
सांगायला कोण उरलंय.
आचाऱ्याला वाचवायचं होतं,
की आम्हा सगळ्यांना भांडत ठेवायचं होतं,
की सहज हात गेला, विणकराचा,
जिथे गाठ नको तिथे?

आता कुणी मत विचारलं तर एवढंच सांगते:
तो सिनेमा नागपुरात चांगला होता.

परवा हेडाऊ काकांचा फोन. वय चौऱ्याऐंशी.
"पोरी, पुरा सापडला म्हन्ते तुवा पोरगा.
आचारीच व्हता ना?"

मी म्हटलं, काका, प्रत खराब निघाली.
नेमकी तिथंच तुटलीये.

"हट् बे," ते म्हणाले, आणि किती खूश झाले.
त्यांच्याकडे कूलर चालू होता.
पाणी आदळत होतं.